प्रकाश साठवून वाचणारे झ्वोरिकिन

पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर रांगेतल्या मूर्तींपुढून एकेक करत जातो. एक रांग संपली की दुसरी. डिजिटल एक्स-रेची पाटीही साधारण अशीच वाचली जाते. तिच्यात लाखो सूक्ष्म संवेदक असतात. किरण पडतील तसा प्रत्येकात विद्युतभार साठतो आणि यंत्रणा तो रांगेमागून रांग मोजत जाते. हे आधी साठवून मग वाचणं व्यवहारात आणणाऱ्यांत व्लादिमिर झ्वोरिकिन यांचं नाव मोठं.

त्यांचा जन्म १८८८ चा, रशियातल्या मुरोम गावचा. सेंट पीटर्सबर्गला बोरिस रोसिंग या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांना विजेने चित्र पाठवण्याचं वेड लागलं. पुढे पॅरिसमध्ये पॉल लँजव्हँ यांच्याकडे त्यांनी क्ष-किरणांचा अभ्यास केला. महायुद्ध आणि क्रांतीच्या धामधुमीत देश सुटला, अमेरिका गाठली.

तेव्हाच्या भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीच्या यंत्रात एका क्षणी चित्रातल्या एकाच बिंदूचा प्रकाश कामी येई, बाकीचा वाया. म्हणून डोळे दिपवणारे दिवे लागत. झ्वोरिकिन यांच्या १९३३ मध्ये जाहीर झालेल्या आयकॉनोस्कोपमध्ये अभ्रकाच्या पत्र्यावर चांदीचे असंख्य बारीक कण होते. इलेक्ट्रॉनांचा झोत पुन्हा आपल्यापर्यंत येईतो प्रत्येक कण भार साठवत राही. श्रेय मात्र एकट्याचं नव्हे. भार साठवण्याची कल्पना हंगेरीच्या काल्मान तिहान्यी यांनीही मांडली होती आणि फिलो फार्न्सवर्थ यांच्याशी झालेला पेटंटचा वाद झ्वोरिकिन यांची बाजू हरली.

आम्हा डॉक्टरांना याचं अप्रूप वेगळं आहे. पूर्वी पडद्यावर क्ष-किरणांचं अंधूक चित्र पाहण्याआधी डॉक्टर लाल चष्मा लावून बसत, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. प्रतिमा उजळवणारी नळी आणि टीव्ही कॅमेरा आला, तेव्हा तो अंधार गेला. पण डिजिटल आहे म्हणून कितीही वेळा एक्स-रे काढावा, असं नाही. फिल्मवर जादा किरण पडले की ती काळी पडे, चूक दिसे. संगणक चित्र सावरून घेतो आणि जादा मात्रा लक्षातच येत नाही.

टीव्हीवरचे कार्यक्रम झ्वोरिकिन यांना फारसे रुचले नाहीत. १९५४ मध्ये कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सकडे वळले. आतड्यातला दाब रेडिओने कळवणारी, गिळायची गोळी १९५७ मध्ये तयार झाली, त्यात त्यांचा वाटा होता. १९८२ मध्ये प्रिन्स्टन इथे त्यांचं निधन झालं.