जिम थॉर्प : मैदान सुटल्यानंतर



खेळाडूंच्या गोष्टी आपण मुलांना पदकापर्यंत सांगतो आणि थांबतो. आज पुढचं सांगते.

जिम थॉर्प हा अमेरिकेतल्या सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीचा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. का? तर शिकत असताना सुट्टीत तो थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. असं खेळणारी कॉलेजची इतर मुलं खोटं नाव लावायची. यानं खरं लावलं, म्हणून सापडला!

मग तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलकडे वळला. आज जिला एनएफएल म्हणतात, त्या संघटनेचा १९२० मधला पहिला अध्यक्ष तोच. १९२८ साली, चाळिशीला आल्यावर, तो शेवटचा सामना खेळला.

तेव्हा खेळाडूंना पेन्शन वगैरे काही नव्हतं. वर्षभरात महामंदी आली. घरात खाणारी तोंडं बरीच. जिमने सिनेमात किरकोळ भूमिका केल्या, बहुतेक वेळा आदिवासी सरदाराच्या. १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला एका इस्पितळाच्या बांधकामावर कुदळ-फावडं घेऊन तो जमीन खणत होता. पुढच्या वर्षी त्याच शहरात ऑलिंपिक भरलं, तर याच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत. बातमी पसरली आणि उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्याजवळ बसवलं. कर्टिस स्वतः मूलनिवासी वंशाचे. लाखभर लोक उठून उभे राहिले म्हणे. पण टाळ्यांनी घर चालतं का हो?

पुढे त्याने फोर्डच्या कारखान्यात पहारा केला, १९४५ मध्ये मालवाहू जहाजावर नोकरी केली. दारूही सुटली नाही, हेही लपवायला नको. १९५० मध्ये पत्रकारांनी त्याला अर्धशतकातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. पुढच्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावर त्याला धर्मादाय उपचार घ्यावे लागले. २८ मार्च १९५३ ला कॅलिफोर्नियात, चाकांवरच्या छोट्या घरात, हृदयविकाराने तो गेला.

१९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने निर्णय फिरवला. त्याच्याविरुद्धची तक्रार ३० दिवसांच्या मुदतीनंतर आली होती, हे तेव्हा पुढे आलं. १९८३ साली पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती दिल्या. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला मात्र २०२२ उजाडलं.