सर हेरॉल्ड रिडली : डोळ्यातल्या भिंगाचा जनक

टेंभुर्णी - मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की आता रुग्णापुढे भिंगांची यादीच येते. साधे मोनोफोकल, थोडे महाग 'एन्हान्स्ड' मोनोफोकल आणि मल्टिफोकल. टेंभुर्णीहून सोलापूर किंवा पुण्याला जाणाऱ्या कुटुंबांत त्यावर बराच खल होतो. साठच्या दशकात हा प्रश्नच नव्हता. मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग उरत नसे. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मात्र जन्मभर नाकावर राही. त्या चष्म्यातून माणसाची सुटका करणाऱ्या ब्रिटिश नेत्रशल्यविशारदाला निम्मे आयुष्य उपेक्षेत काढावे लागले.

निकोलस हेरॉल्ड लॉइड रिडली यांचा जन्म १० जुलै १९०६ रोजी लेस्टरशायरमधील किबवर्थ हारकोर्ट या गावी झाला. वडील आरमारातून निवृत्त झालेले नेत्रतज्ज्ञ होते. केंब्रिज आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिक्षण घेऊन रिडली १९३८ मध्ये मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयात शल्यविशारद झाले. महायुद्धात त्यांची नेमणूक आफ्रिकेत, पुढे भारत आणि ब्रह्मदेशात झाली.

भिंगाची कल्पनाही युद्धातूनच आली. १५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाचे हरिकेन विमान पाडले गेले आणि छताच्या पर्स्पेक्सचे तुकडे त्यांच्या डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. परंतु आत राहिलेले तुकडे शरीराने निमूटपणे सामावून घेतले, हे रिडली यांच्या लक्षात आले. पुढे १९४८ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाहीत, असे सहज विचारले. रिडली कामाला लागले. रेनर कंपनीतील जॉन पाइक यांनी त्यांना पर्स्पेक्सचे भिंग तयार करून दिले. रिडली यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमसमध्ये ४५ वर्षांच्या एका महिलेवर शस्त्रक्रिया झाली आणि ८ फेब्रुवारी १९५० रोजी भिंग कायमचे बसवण्यात आले. डोळ्याने ते स्वीकारले, पण त्याच्या शक्तीचा हिशेब चुकला होता. रुग्णाची दूरची नजर फारच कमी झाली. ही चूक आजही मोलाची आहे. भिंग कितीही उंची असले, तरी डोळ्याचे मोजमाप चुकले तर पैसा वाया जातो. मात्र जाहिरातींत भर असतो तो भिंगाच्या नावावर.

जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत रिडली यांनी आपले काम मांडले. सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांच्यासारख्या मातब्बरांनी विरोध केला. डोळ्यातील कण काढण्यात हयात घालवलेल्या डॉक्टरांना, आपणच डोळ्यात परकी वस्तू ठेवायची, हे पटणे अवघडच होते. काही आक्षेप खरेही होते. ती जड भिंगे कधी जागेवरून सरकत, काही रुग्णांना काचबिंदू होई. रिडली मात्र मागे हटले नाहीत. १९६६ मध्ये पीटर चॉईस यांच्यासह त्यांनी या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था काढली. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हाही बहुतेक शल्यविशारद भिंगाशिवायच शस्त्रक्रिया करीत होते.

चित्र त्यानंतर पालटले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८१ मध्ये भिंगांना मान्यता दिली. भारतात मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवली आणि खेड्यापाड्यांतील रुग्णालाही भिंग मिळू लागले.

आजच्या सुधारित भिंगांपैकी एक त्याच रेनर कंपनीचे आहे, हा योगायोग गमतीचा. तिचे 'ईएमव्ही' आणि जॉन्सन अँड जॉन्सनचे 'आयहान्स' यांचा हेतू एकच : दूरच्या नजरेसोबत हातभर अंतरावरचेही, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा किंवा संगणकाचा पडदा, बऱ्यापैकी दिसावे. आयहान्समध्ये भिंगाची शक्ती कडेकडून मध्याकडे हलकेच वाढत जाते. ईएमव्हीमध्ये प्रकाशकिरण एका बिंदूत न आणता थोड्या अंतरात पसरवले जातात. बारीक अक्षरे वाचण्यासाठी दोन्हींसोबत चष्मा लागण्याची शक्यता असते, हे रुग्णाने आधीच समजून घ्यावे.

रिडली यांना १९८६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. पुढे त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाला आणि सेंट थॉमसमध्येच त्यांच्या डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसवण्यात आली. सरदारकी मिळाली ती फेब्रुवारी २००० मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी. २५ मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले.