वाल्डेमार हाफकिन

पूर्वी पटकीची साथ आली, की घरोघरी आकांत उसळे. नाशिक, पंढरपूर यांसारख्या तीर्थक्षेत्रांच्या यात्रांतून ती दूषित पाण्यावाटे दूरवर पसरे. या रोगावर लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला.

पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथपालाचे काम पत्करले. सूक्ष्म जीव भोवतालच्या बदलांशी कसे जुळवून घेतात, याचा ते अभ्यास करीत. पटकीचा जंतूही असाच चतुर! स्वल्पविरामासारखा वाकडा, एकाच शेपटीने पोहणारा. त्याला नाक नाही, जीभ नाही. तरी भोवतालची रसायने तो ओळखतो. पोषक द्रव्य वाढत गेले, तर तो तसाच पुढे जातो. घटू लागले, तर दिशा बदलतो. असे पोहत तो आतड्यात ठाण मांडतो.

याच जंतूपासून हाफकिन यांनी लस बनविली. ती निर्धोक आहे, हे कसे ठरणार? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि गावोगाव हिंडून त्यांनी हजारो लोकांना लस टोचली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. हाफकिन यांनी त्यावरही लस तयार केली आणि पुन्हा आधी स्वतःवरच प्रयोग केला. १९०२ मध्ये पंजाबात लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला. परंतु १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले.

१९३० साली ते निवर्तले. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या धैर्याची आठवण देत उभी आहे.