द्राक्षवेलीच्या पानामागचा रोग ओळखणारे मिलार्दे

द्राक्षबागायतदारांच्या परिचयाचे बोर्डो मिश्रण ज्यांच्या अभ्यासातून सिद्ध झाले, ते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मारी अलेक्सी मिलार्दे यांचा जन्म १३ डिसेंबर १८३८ रोजी फ्रान्समधील ज्युरा भागातल्या एका खेड्यात झाला. जर्मनीतील हायडेलबर्ग व फ्रायबर्ग येथे त्यांचे शिक्षण झाले. वनस्पतींवरील बुरशी हेच रोगाचे कारण असते, हे दाखवून देणारे आंतोन द बारी हे त्यांचे गुरू. स्ट्रासबर्ग व नान्सी येथे अध्यापन करून १८७६ मध्ये मिलार्दे बोर्डो येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील वेली मुळापासून मरत होत्या. तिला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधण्याच्या कामी मिलार्दे गुंतले असतानाच, १८७८ मध्ये नवे संकट उभे राहिले. पानांवर पांढरी बुरशी दिसू लागली. पांढरी बुरशी बागायतदारांना नवी नव्हती. भुरी रोग त्यांनी पूर्वी पाहिला होता आणि त्यावर गंधकाचा उपाय त्यांना ठाऊक होता. या रोगापुढे मात्र गंधक निष्प्रभ ठरले.

दोन्ही रोगांतील भेद पान उलटून पाहिल्यावर उमगतो. भुरीची पूड पानाच्या वरच्या बाजूसही पसरते व बोटाने पुसली जाते. नव्या रोगात, म्हणजे आपल्याकडील केवड्यात, वर तेलकट पिवळसर डाग पडतात आणि नेमके त्याच डागांच्या खाली कापसासारखी पांढरी वाढ दिसते. रोगकारक पानाच्या आत शिरलेला असतो. पाने करपून गळतात आणि पर्णहीन वेलीवरील द्राक्षांत साखर भरत नाही. (आधुनिक वर्गीकरणात हा जीव खऱ्या बुरशीत गणला जात नाही, पण हा निवाडा पुष्कळ पुढचा.)

ऑक्टोबर १८८२ मध्ये मेदोक भागातील सँ-ज्युलियँ येथून जाताना मिलार्दे यांना बागा निष्पर्ण दिसल्या. रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या होत्या. चौकशीअंती कळले की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर पाणी शिंपडले होते. मालकाचा हेतू राखणीचा होता; रोगाचा विचारही त्याच्या मनात नव्हता.

पुढची तीन वर्षे प्रयोगांत गेली. स्वतःच्या विहिरीच्या पाण्यात रोगाचे बीजाणू रुजत नाहीत, असे मिलार्दे यांना आढळले. त्या पाण्यात तांब्याचा अंश उतरलेला होता. रोग पानात शिरल्यानंतर उपाय व्यर्थ, म्हणून तो शिरण्यापूर्वीच पानावर तांब्याचा थर हवा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्या साहाय्याने चाचण्या करून १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो चुना, असे तिचे पहिले प्रमाण होते. पुढे ते बरेच उतरले. १०० लिटर पाण्यास प्रत्येकी १ किलो मोरचूद व चुना हे आजचे रूढ प्रमाण होय.

१५ डिसेंबर १९०२ रोजी बोर्डो येथे मिलार्दे यांचे निधन झाले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांप्रमाणेच कर्नाटक व केरळमधील सुपारीच्या बागांतही, पावसाळ्यातील कोळेरोगावर, हेच मिश्रण फवारले जाते.