साठीनंतरही कामावर : डॉ. रखमाबाई

डॉ. रखमाबाई राऊत म्हटले की आपल्याला त्यांचा खटला आठवतो. 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत जन्म, अकराव्या वर्षी लग्न आणि वयात आल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाण्यास ठाम नकार. पती दादाजी भिकाजी कोर्टात गेले. सासरी जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा निकाल 1887 मध्ये लागला. रखमाबाईंनी कैदेची तयारी ठेवली. 1888 मध्ये दादाजींना पैसे देऊन प्रकरण मिटले.

पुढची हकिगत मात्र फारशी सांगितली जात नाही. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना पाठबळ दिले. 1889 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, 1894 मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. परत आल्यावर सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे 35 वर्षे काम केले. निवृत्त झाल्या तेव्हा साठी उलटून गेली होती. 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

यात जिद्द होतीच, पण पदवी, स्वतःचा पगार आणि कामाचा निर्णय स्वतःच्या हाती असणे, हेही होते. नांदायला गेल्या असत्या तर यातले काय मिळाले असते?

आमच्या नवी मुंबईत धुणीभांडी करणाऱ्या अनेक बायका पन्नाशीतच गुडघे धरून ओपीडीत येतात. कोवळ्या वयातली बाळंतपणे, वर्षानुवर्षांचा रक्तक्षय आणि उकिडवे बसून केलेले काम यांचा हिशेब शरीर तेव्हा मागते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडांची झीज वाढते. गुडघ्यामुळे काम सुटते, आणि काम सुटले की औषधाला पैसे उरत नाहीत. घरात कोणी अंथरुणाला खिळले, तरी नोकरी सोडते ती बहुधा बाईच.

म्हणून चाळिशीपासून हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. डाळी, कडधान्ये, दूध-दही स्वतःच्या ताटातही वाढा. रोज अर्धा तास चाला. गुडघेदुखी अंगावर काढू नका. घरच्या आजाऱ्याची सेवा सगळ्यांनी वाटून घ्या. आणि मुलीचे शिक्षण लग्नासाठी मध्येच तोडू नका. साठीतही तिला बसून करता येईल असे काम त्याच शिक्षणातून मिळू शकते.