लोखंडी नांगराचे लक्ष्मणराव

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. आजवर बहुतेक संतांची व देशभक्तांची चरित्रे आली, आणि ती यावीतच. यंदा ते काम माझ्याकडे आले तेव्हा मी एका कारखानदाराचे नाव सुचविले. बायकांच्या अंकात नांगराचे काय काम, असे एकदोघींना वाटले. परंतु ज्यांच्या कारखान्याच्या एका लहानशा खबरपत्रातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि ज्यांच्या वाडीतून १९३० साली खास आपल्यासाठी ‘स्त्री’ मासिक निघाले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर आपणांस अगदीच परके नाहीत. शिवाय माझ्या माहेरी, बाळापूरकडच्या गोठ्यात, एक जुना लोखंडी नांगर गंजत पडलेला असे. त्याला सारेजण किर्लोस्करी नांगर म्हणत. पुष्कळ वर्षे मला वाटे की किर्लोस्करी ही नांगराची जातच असावी, जशी ज्वारीची असते तशी!

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही गाव हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत. मुलाला पुस्तकी अभ्यासापेक्षा चित्रे काढण्याची आणि यंत्रे खोलून बघण्याची गोडी फार. चित्रकलेसाठी तो १८८५ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. तेथे दोन वर्षे गेली आणि मग असे ध्यानात आले, की याच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकाराला रंग न दिसणे म्हणजे गवयाला सूर न ऐकू येण्यासारखेच. एखादा मुलगा गाठोडे बांधून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आकृती काढावयास रंग लागत नाहीत. ते यांत्रिक रेखाकाम शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले.

शिक्षक झाले, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रात फार महत्त्वाची वाटते. पुढे ते मोठे कारखानदार झाले खरे, पण शिकविण्याची सवय काही सुटली नाही. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. १८८८ साली वडीलबंधू रामुअण्णा यांच्या जोडीने बेळगावास सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामुअण्णा त्या विकीत. सायकल म्हणजे त्या काळी सातशे रुपयांची वस्तू! नुसती विकून भागत नसे, कारण घेणाऱ्याला तिच्यावर बसताच येत नसे. म्हणून बसावयास शिकविण्याची सोयही दुकानातच होती आणि त्याचे १५ रुपये निराळे पडत. माल द्यावयाचा आणि तो वापरावयाचे शिक्षणही द्यावयाचे, हा रिवाज असा अगदी पहिल्या दुकानापासूनचा आहे.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा हक्काची जागा लक्ष्मणरावांना न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. तेथे लहानशा जागेत त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र करावयास घेतले, आणि नंतर लोखंडी नांगर. पहिला नांगर १९०३ साली तयार झाला. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव शंतनुराव जन्मले.

आता नांगराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळी मेख तेथेच आहे. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन चिरीत जातो. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकविलेले पान असते. ते माती खालून उचलून पालथी घालते, त्यामुळे कुंदा आणि हराळी यांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. कुंद्याने भरलेले वावर ज्यांनी पाहिले आहे त्यांना या गोष्टीची किंमत निराळी सांगावयास नको. असे नांगर तोवर विलायतेहून येत. ते महाग असत, आणि मोडले तर सुटा भाग मिळावयाचा कोठून? लक्ष्मणरावांनी तो येथे बनविण्याचे मनात घेतले. परंतु नांगर बनला म्हणजे खपला असे थोडेच होते! लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली.

दोन वर्षांत सहा नांगर! आपल्यापैकी कोणी दोन उन्हाळे लोणचे घालून सहाच बरण्या विकल्या असत्या, तर तिसऱ्या उन्हाळ्यास घरच्यांनी कैरी घरात येऊ दिली नसती.

त्यातून बिडाचे काम मोठे नाजूक असते. लोखंड भट्टीत वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. ते झटकन निवले तर कठीण होते, पण ठिसूळ राहते आणि वावरातल्या धोंड्यावर आपटून त्याचा तुकडा पडतो. सावकाश निवले तर मऊ राहते आणि खडकाळ जमिनीत एका हंगामात झिजून जाते. मधला बिंदू साधावयाचा असतो. तो पुस्तकात वाचून थोडा कळतो, पण हाती यावयाचा तो पुन्हा पुन्हा ओतून, मोडलेला तुकडा हातात घेऊन तो का मोडला हे पाहूनच. आपल्याकडे पुरणाचे असेच असते. किती शिजवावयाचे हे कोणी कागदावर लिहून दिले, तरी पहिले पुरण पातळ व्हावयाचे ते होतेच. लक्ष्मणराव विलायतेला जाऊन हे काम शिकून आलेले नव्हते. पुस्तके वाचून आणि स्वतः करून पाहूनच त्यांनी ते साध्य केले. नांगराला मागणी येऊ लागली ती त्यानंतर.

धंद्याचा जरा जम बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी त्यांची जागा हवी झाली. कारखाना उचलणे प्राप्त झाले. लक्ष्मणराव त्या सुमारास औंध संस्थानात एका मंदिराच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणांची पारख असलेले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. माळ म्हणजे निव्वळ निवडुंग आणि नाग! १९१० साली लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांची बायकामुले घेऊन तेथे उतरले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई लहान मुले घेऊन तेथेच राहिल्या. निवडुंगाच्या माळावर चूल मांडणे हे कारखाना मांडण्याहून सोपे होते, असे मला तरी वाटत नाही. हीच पुढे किर्लोस्करवाडी झाली.

या वाडीत माणसे कोण होती ते पाहण्यासारखे आहे. शंभोराव जांभेकर यंत्रकामात तरबेज. मंगेशराव रेगे हिशेब व पत्रव्यवहार सांभाळीत. रामुअण्णा व्यवस्था पाहत. अनंतराव फळणीकर यांनी तर शिक्षण अर्धवटच सोडले होते. कोठल्याही दुकानी त्यांना फार तर पुड्या बांधावयास ठेवले असते. वाडीत ते यंत्राच्या कामाला लागले आणि त्यांची कल्पकता अशी फुलली, की वाडीच्या इंजिनिअरांत त्यांची गणना झाली. बाकीचे पुष्कळसे आसपासच्या खेड्यांतले. हातात वखराचे रुमणे धरलेले हात, त्यांनी लेथ कशाला पाहिलेला असणार! शहरातून तयार कारागीर आणावे तर त्या माळावर येतो कोण? तेव्हा जो आहे त्याला उभे राहून शिकविणे, एवढाच मार्ग होता. लक्ष्मणराव मुळात मास्तर होते, त्यांना तो अवघड गेला नाही.

सर्वांत नवल तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांचे. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले. लक्ष्मणरावांनी त्यांना वाडीच्या पहाऱ्यावर नेमले आणि ते दोघे विश्वासू पहारेकरी ठरले. ज्याला गाव भिते त्याच्या हाती रात्रीचा कंदील देणे सोपे नाही. मला विचाराल तर यात भोळेपणा नव्हता. माणूस कामाने घडतो हे त्यांनी ओतशाळेत रोज पाहिलेले होते. वाडीत शिवाशीवही पाळली जात नसे, आणि ते दिवस १९१० नंतरचे होते हे विसरू नये.

येथे एक घरची गोष्ट सांगते, कारण तिचा निकाल अजून लागावयाचा आहे. आपल्या मंडळाच्या उन्हाळी कामात गेल्या वर्षी सात नव्या जणी आल्या. त्यांच्या हातचे उडदाचे पापड वाळताना कडेला चिरले आणि एका दुकानदाराने माल परत पाठविला. नव्यांना घेऊच नये, जुन्या हातांनीच करावे, असे काहींचे मत पडले. एक वयस्क बाई मात्र दुसऱ्या दिवशी त्या सातजणींच्या शेजारी पाट घेऊन बसल्या. त्यांनी रागावणे केले नाही. प्रत्येकीला पीठ कुटण्यापासून लाटण्यापर्यंत सगळे करू दिले आणि फक्त पाहिले. पीठ पुरेसे कुटले जात नाही हे तासाभरात कळले. घाव मोजून घ्यावयाचे ठरले आणि आठवड्यात चिरा थांबल्या. यंदा त्या सातजणींना पुन्हा घ्यावयाचे की नाही, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. त्यांतल्या तिघींच्या घरी मिळवते माणूस नाही. घ्यावे, असे माझे मत आहे, आणि ते मी सभेतही मांडणार आहे.

माझा भाचा एका कारखान्यात कामाला आहे. तो सांगतो की त्यांच्याकडे हल्ली कायझेन नावाची जपानी पद्धत चालते. रोज थोडे थोडे सुधारावयाचे, आणि सुधारणा काम करणाऱ्यानेच सुचवावयाची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या माणसांची भरती झाली, तेव्हा त्यांना शिकविण्याची एक रीत बसविली गेली. आधी माणसाची भीती घालवावयाची, मग काम करून दाखवावयाचे, मग त्याच्याकडून करवून घ्यावयाचे आणि नंतरही अधूनमधून जाऊन पाहावयाचे. युद्ध संपल्यावर ती रीत जपानात गेली आणि तेथे चांगलीच रुजली. भाच्याला हे नवे वाटते. मी त्याला किर्लोस्करवाडीचे साल सांगितले. तो ते लिहून घेऊन गेला.

पहिल्या महायुद्धात, १९१४ नंतर, लोखंड मिळेनासे झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. तोफेचा नांगर होणे हे पुराणातल्या गोष्टीसारखे वाटते, पण ते खरोखर घडले. १९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या धंद्याची रीतसर कंपनी झाली. नांगराच्या मागोमाग शेंगा फोडण्याचे यंत्र, उसाचे चरक, पाण्याचे पंप आणि लोखंडी खुर्च्या-टेबलेसुद्धा निघाली. एक वस्तू जमली की तिच्यावर बसून राहावयाचे नाही, असा सारा प्रकार.

त्याच १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना कळावी एवढाच आरंभीचा हेतू. पुढे त्यात उद्योगाचे आणि समाजसुधारणेचे लेख येऊ लागले. ‘खबर’ गळून ‘किर्लोस्कर’ राहिले, मग १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. ‘स्त्री’चे जुने अंक माझ्या आजेसासूबाईंच्या पेटीत होते. जुने शहर सोडून त्या फारशा कधी बाहेर गेल्या नाहीत, पण अंक मात्र वर्षावर्षाचे सुतळीने बांधून ठेवलेले! विधवांचे प्रश्न, मुलींचे शिक्षण, घरातला हिशेब असे विषय त्यांत. नांगर करणाऱ्या वाडीतून हे निघाले याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या नामांकित संस्थेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परत आले. त्यांच्या काळात धंदा हरिहर, बेंगळूर, पुणे असा पसरला. तो इतिहास मोठा आहे आणि निराळा आहे. मला कौतुक वाटते ते एवढ्याचे, की रंग न दिसणाऱ्या मास्तरांनी मुलाला आपल्याहून अधिक शिकू दिले आणि मग त्याच्या हाती काम सोपविले. पुष्कळ कर्त्या पुरुषांना, आणि पुष्कळ सासवांनाही, किल्ल्या सोडणे जमत नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्या वेळी त्यांचे वय ८७ होते. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुणे-मिरज मार्गावरील ज्या कुंडल रोड स्टेशनावर १९१० साली कारखान्याचे सामान उतरले, त्याचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे आणि शेजारच्या त्या माळावर आजही पंप तयार होतात.