रक्ताच्या आडवाटा शोधणारे जॉन हंटर

डिसेंबर १७८५. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ४५ वर्षांचा एक गाडीवान दाखल झाला होता. गुडघ्यामागची त्याची रोहिणी फुग्यासारखी फुगली होती. त्या काळी अशा रुग्णाचा पाय मांडीतून कापत, नाहीतर तो फुगाच उघडत. दोन्हींत अनेक जण दगावत. जॉन हंटर यांनी वेगळा विचार केला. फुग्याला हात न लावता त्यांनी वर मांडीत, निरोगी जागी, ती रोहिणी बांधून टाकली. रक्त अडले की पाय सडेल, ही भीती होतीच. पण पाय उबदार राहिला आणि सुमारे सहा आठवड्यांनी गाडीवान घरी गेला.

हंटर यांचा भरवसा होता तो रक्ताच्या आडवाटांवर. हमरस्ता बंद झाला की वाहने गल्लीबोळांतून जातात, तसे मुख्य वाहिनी बंद झाल्यावर आजूबाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावतात. रिचमंड पार्कमधल्या हरणाच्या मानेतली एका बाजूची रोहिणी बांधल्यावर थंड पडलेले शिंग काही दिवसांनी पुन्हा गरम झालेले त्यांनी पाहिले होते, असे सांगतात.

हंटर यांचा जन्म १७२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी घरात, दहा भावंडांत सर्वांत धाकटे म्हणून झाला. शाळेत मन रमले नाही. १७४८ मध्ये ते लंडनला थोरले बंधू विल्यम यांच्या शरीररचनेच्या शाळेत गेले आणि शवविच्छेदनात लवकरच तरबेज झाले. पुढे सैन्यात शल्यचिकित्सक, मग सेंट जॉर्ज रुग्णालयात नेमणूक आणि १७७६ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांचे शल्यचिकित्सक, अशी चढती कमान राहिली. देवीची लस शोधणारे एडवर्ड जेन्नर त्यांचेच शिष्य. तर्क लढवत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहा, ही शिकवण जेन्नर यांना त्यांच्याकडूनच मिळाली.

त्यांचे एक काम मात्र फारसे चर्चेत येत नाही. गर्भातल्या मुलाचे वृषण सुरुवातीला मूत्रपिंडांजवळ, पोटात असतात आणि जन्मापूर्वी खाली उतरतात. हा प्रवास हंटर यांनी बारकाईने पाहिला आणि वृषणाला खाली वाट दाखवणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याला लॅटिनमधले सुकाणूचे नाव दिले. आजही तेच नाव चालते. कोंबड्याचे वृषण कोंबडीच्या पोटात आणि माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात बसवून, नव्या जागी रक्तपुरवठा जुळतो का, हेही त्यांनी पाहिले.

वृषण खाली उतरताना आपल्या रक्तवाहिन्या सोबत ओढून आणतो. म्हणून त्याला रक्त देणाऱ्या तिन्ही रोहिण्या एकाच दोरीसारख्या जुडीतून येतात. काही मुलांमध्ये वृषण आवरणाला नीट चिकटलेला नसतो, घंटेच्या लोळीसारखा लोंबकळतो. अशा जुडीला पीळ पडला की हमरस्ता आणि आडवाटा एकदमच बंद होतात. पायाला जी सवड मिळाली, ती इथे मिळत नाही. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतो. १२ तासांनंतर शक्यता झपाट्याने घटते आणि २४ तासांनंतर क्वचितच काही हाती लागते.

पीळ सुटला म्हणजे सगळे निभावले, असेही नाही. प्राणवायूवाचून पेशींमध्ये काही रासायनिक अवशेष साचतात. रक्त परतताच नव्या प्राणवायूशी त्यांची प्रक्रिया होऊन अतिक्रियाशील कण तयार होतात आणि पेशींच्या पटलांवर हल्ला करतात. पांढऱ्या पेशीही धावून येऊन सूज वाढवतात. रक्त थांबल्याने एक इजा, परतल्याने दुसरी. पहिली जितकी लांबते तितकी दुसरी जड जाते. हा दुसरा घाव हंटर यांच्या काळात कोणाला ठाऊक नव्हता. तो विसाव्या शतकात उलगडला.

हंटर यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. मृतदेह मिळवताना त्यांनी विधिनिषेध पाळला नाही. समुद्रात दफन व्हावे अशी इच्छा असलेल्या चार्ल्स बर्न या अतिउंच माणसाचा देह त्यांनी १७८३ मध्ये पैसे मोजून मिळवला. तो सांगाडा दोन शतकांहून अधिक काळ संग्रहालयात होता. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा तो प्रदर्शनातून हटवलेला होता.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या बैठकीत वाद झाला आणि हंटर तिथेच कोसळले. शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्या कडक झालेल्या आढळल्या. रक्ताच्या वाटा शोधणाऱ्याच्या हृदयाची वाटच अडली होती.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पीळ पडण्याचे प्रमाण १२ ते १८ या वयात सर्वाधिक असते. अंडकोषात अचानक तीव्र कळ, सूज, मळमळ किंवा उलटी अशी लक्षणे दिसतात. कधी मुलगा फक्त ओटीपोट दुखते म्हणतो, कारण खरी जागा सांगायची त्याला लाज वाटते. शेक, मलम किंवा उद्या बघू यात वेळ घालवू नका. रात्र असली तरी शल्यचिकित्सेची सोय असलेले रुग्णालय गाठा. आणि ही गोष्ट लाजेची नाही, हे मुलाला दुखण्याआधीच सांगून ठेवा.